मोतीबागेतून ॲनाहाइमकडे : वाफेच्या गाडीचा एक दिवस कसा पाहावा

माझ्या ओळखीतल्या अनेक नागपूरकर घरांतील मुले कॅलिफोर्नियात स्थायिक झाली आहेत. उन्हाळा लागला की आईवडील तिकडे जातात आणि मुले त्यांना एक दिवस ॲनाहाइम येथील डिस्नेलँड दाखवतात. तेथे उद्यानाला वळसा घालणारी एक आगगाडी आहे. बहुतेक पाहुणे पाय दुखू लागले की विसाव्यापुरते तिच्यात बसतात आणि मग ती विसरून जातात. ज्याला रेल्वेची मनापासून ओढ आहे, त्याने मात्र हा क्रम उलटा करावा. ही गाडी 17 जुलै 1955 रोजी, म्हणजे उद्यान उघडले त्याच दिवसापासून, खऱ्या वाफेवर धावते आहे. तिच्यासाठी संपूर्ण दिवस दिला तरी तो कमी पडतो. तो दिवस कसा आखावा आणि त्याची तयारी नागपुरातच कशी करावी, हे या लेखात सविस्तर सांगतो.

मी स्वतः पहिल्या वेळी ही चूक केली आहे. लेकीबरोबर दिवसभर फिरून संध्याकाळी थकलेल्या पायांनी गाडीत चढलो, समोर दिसला त्या शेवटच्या डब्यात बसलो, आणि उतरून इंजिनापर्यंत पोहोचेपर्यंत गाडी सुटली होती. इंजिनाचे नावही मला वाचता आले नाही. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. पुन्हा जाण्याचा योग तीन वर्षांनी आला. त्याआधी मी महिनाभर दर रविवारी सकाळी कडबी चौकाजवळच्या मोतीबागेतील नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात जात असे. त्या सरावातून मला एक पद्धत सापडली : आधी थंड इंजिन पाहावे, मग तापलेले. थंड इंजिनासमोर हवा तेवढा वेळ उभे राहता येते, वाकून खाली पाहता येते आणि प्रत्येक भागाचा दुसऱ्याशी असलेला संबंध शांतपणे जुळवता येतो. तापलेले इंजिन फलाटावर दोन-तीन मिनिटेच थांबते. त्या दोन मिनिटांत काय पाहायचे, हे आधी ठाऊक नसेल तर वाफेचा एक पांढरा लोट एवढेच लक्षात राहते.

मोतीबागेत काय शिकून घ्यावे

दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचे हे संग्रहालय 2002 साली सुरू झाले. ते नागपुरातच का आहे, हे समजण्यासाठी थोडा इतिहास लागतो. 1887 साली स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी सातपुड्याच्या अंगाने आणि झाडीपट्टीच्या दिशेने अरुंद रुळांचे मोठे जाळे विणले. गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूर, नागपूरहून छिंदवाडा, नागपूरहून नागभीड असे हे मार्ग होते. या सर्वांच्या रुळांची रुंदी 762 मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट होती. छिंदवाड्याची छोटी गाडी 2015 साली आणि नागभीडची 2019 साली रुंदीकरणासाठी बंद झाली. त्यामुळे आज या शहरात ती रुंदी डोळ्यांनी पाहण्याची हक्काची जागा मोतीबाग हीच उरली आहे.

म्हणून पहिले काम रुळांपाशीच करावे. दोन रुळांच्या मध्ये उभे राहून ते अंतर आपल्या पावलांनी मोजावे आणि लक्षात ठेवावे. ॲनाहाइमच्या गाडीचे रूळ 914 मिलिमीटर, म्हणजे तीन फूट रुंद आहेत, आपल्यापेक्षा केवळ सहा इंचांनी अधिक. आपल्या ब्रॉडगेजची रुंदी 1676 मिलिमीटर असते. ज्याने नागभीडच्या गाडीतून प्रवास केला आहे, त्याला डिस्नेलँडची गाडी परदेशी वाटण्याऐवजी घरच्या नात्यातली वाटेल, ती या रुंदीमुळेच. पर्यटकांच्या करमणुकीसाठी बांधलेली गाडी म्हणून तिच्याकडे हलक्या नजरेने पाहणाऱ्यांना मी हेच सांगतो की ज्या जातीच्या इंजिनांनी आपल्याकडे धान्य, लाकूड आणि माणसे वाहिली, त्याच जातीची ही इंजिने आहेत.

दुसरे काम चाकांचे. वाफेच्या इंजिनाची ओळख चाकांच्या मांडणीवरून करतात. पुढची लहान चाके, मधली मोठी जोडलेली चाके आणि मागची लहान चाके, असे तीन आकडे क्रमाने म्हणायचे आणि दोन्ही बाजूंची चाके धरून मोजायचे. चार-सहा-दोन म्हटले की पुढे चार, मध्ये सहा व मागे दोन. जी चाके लोखंडी दांड्यांनी एकमेकांना जोडलेली असतात, तीच गाडी ओढतात. बाकीची भार पेलतात आणि वळणावर इंजिनाला वाट दाखवतात. मोतीबागेत उभ्या असलेल्या प्रत्येक इंजिनाची चाके अशी मोजून वहीत लिहावीत. पाच-सहा इंजिनांनंतर हे आकडे आपोआप तोंडात येतात आणि ॲनाहाइमला फलाटाच्या टोकावरून येणारे इंजिन दुरूनच ओळखता येते.

तिसरे काम सर्वांत मोलाचे, आणि त्याला निदान दोन सकाळी द्याव्यात. आगीपासून चाकापर्यंतचा वाफेचा प्रवास बोट धरून चालत जावे तसा पाहावा. ड्रायव्हरच्या जागेसमोर भट्टीचे दार असते. भट्टीतील तप्त वायू बॉयलरमधील लांब नळ्यांतून पुढे जातात, नळ्यांच्या भोवती पाणी असते, त्या पाण्याची वाफ होते आणि ती वरच्या घुमटात साठते. ड्रायव्हरने रेग्युलेटर, म्हणजे वाफ सोडण्याचा दांडा, ओढला की ही वाफ खाली सिलिंडरमध्ये उतरते आणि पिस्टनला आळीपाळीने पुढून व मागून ढकलते. पिस्टनला जोडलेला दांडा मोठ्या चाकाला फिरवतो. काम करून झालेली वाफ वाया जात नाही. ती इंजिनाच्या तोंडाशी असलेल्या धूम्रकक्षातून जोराने धुराड्यावाटे बाहेर पडते आणि जाताना भट्टीतील वायू आपल्यामागे खेचून घेते, त्यामुळे भट्टीत नवी हवा शिरते. म्हणजे इंजिन जितके जास्त राबते, तितकी त्याची आग आपोआप अधिक फुलते. या एका योजनेबद्दल मला आजही आदर वाटतो, कारण यात आगीला हवा देण्यासाठी वेगळे यंत्र बसवावे लागत नाही.

सिलिंडरच्या खालच्या बाजूला बोटभर लांबीच्या दोन लहान तोट्या दिसतात. माझी नात पहिल्यांदा मोतीबागेत आली तेव्हा तिने वाकून नेमक्या त्याच तोट्यांवर बोट ठेवले आणि विचारले, ‘‘आबा, हे इंजिन इथून पाणी पिऊन राहिलं का?’’ प्रश्न उलटा होता, पण बोट योग्य जागी होते. थंड सिलिंडरमध्ये शिरलेल्या वाफेचे पाणी होते, आणि पाणी दाबले जात नसल्याने ते आत राहिले तर पिस्टनच्या धक्क्याने सिलिंडरचे झाकण फुटू शकते. म्हणून गाडी सुटताना ड्रायव्हर या तोट्या उघडतो आणि पाणी व वाफ दोन्ही बाजूंना फवाऱ्यासारखी बाहेर पडतात. तोट्यांची ही जागा पाहून ठेवावी, कारण ॲनाहाइमला दिवसाचे पहिले दर्शन याच फवाऱ्याचे होते.

याखेरीज भट्टीच्या वरच्या अंगाला असलेली काचेची उभी नळी पाहावी. तिच्यात बॉयलरमधील पाण्याची पातळी दिसते. पाणी भट्टीच्या छताखाली गेले तर ते छत आगीने मऊ पडून स्फोट होऊ शकतो, म्हणून इंजिनावरील माणसाची नजर सर्वांत जास्त वेळा याच नळीकडे जाते. इंजिनाच्या अंगावर कारखान्याची पितळी पाटी असेल तर तिच्यावरील गाव व साल लिहून घ्यावे. मोतीबागेची छोटी गाडी मुलांना आवडते आणि तीत बसायलाही हरकत नाही, पण आधी इंजिने पाहून घ्यावीत. मे महिन्यात दहा वाजल्यानंतर येथील लोखंडाला हात लावणे कठीण होते, म्हणून शक्यतो सकाळी लवकर पोहोचावे. प्रवेशाची वेळ व साप्ताहिक सुट्टी आदल्या दिवशी विचारून घ्यावी.

ज्यांच्या घरी मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरची शकुंतला पाहिलेली वडीलधारी माणसे असतील, त्यांनी जाण्याआधी त्यांच्याजवळ बसून तो आवाज कसा होता हे विचारून घ्यावे. ती गाडी 1994 पर्यंत वाफेवर चालत असे, त्यामुळे पन्नाशी ओलांडलेल्या अनेक वऱ्हाडी माणसांच्या कानांत तो आवाज अजून आहे.

निघण्यापूर्वी

उद्यानाचे तिकीट ठरावीक तारखेचे काढावे लागते. गाडीसाठी वेगळे पैसे पडत नाहीत आणि एकदा आत गेल्यावर तिच्यात कितीही फेऱ्या मारता येतात. देखभालीसाठी गाडी अधूनमधून काही दिवस बंद ठेवतात, म्हणून तिकीट काढण्याआधी उद्यानाच्या संकेतस्थळावर त्या तारखेचे वेळापत्रक अवश्य पाहावे. शनिवार-रविवार टाळावा. सोबत एक लहान वही, पेन्सिल, टोपी आणि पाण्याची बाटली पुरे. घरच्यांना आधीच स्पष्ट सांगावे की आज मी गाडीबरोबर आहे आणि दुपारी जेवायला अमुक ठिकाणी भेटेन. हे न सांगता गेल्यास दोन्ही बाजूंचा दिवस नासतो.

पाच इंजिनांची नावे व ओळख निघण्यापूर्वीच वहीत उतरवावी. पहिले सी. के. हॉलिडे आणि दुसरे ई. पी. रिप्ली. ही दोन्ही इंजिने डिस्ने यांच्या स्वतःच्या स्टुडिओने उद्यानासाठी नवी बांधली आणि त्यांची चाके चार-चार-शून्य अशी आहेत. ही मांडणी अमेरिकेत इतकी रूढ होती की तिला अमेरिकन हेच नाव पडले. तिसरे फ्रेड गर्ली हे बाल्डविन कारखान्यात 1894 साली बांधलेले इंजिन असून त्याने लुईझियानातील उसाच्या मळ्यावर ऊस ओढला आहे. चौथे अर्नेस्ट एस. मार्श, बाल्डविनचेच, 1925 सालचे. ते न्यू जर्सीत वाळूच्या खाणीवर राबत होते. पाचवे वॉर्ड किंबॉल हे 1902 सालचे बाल्डविन इंजिन असून ते उद्यानात 2005 साली दाखल झाले. म्हणजे पाचांपैकी तीन इंजिने कष्टाची नोकरी करून येथे आली आहेत. त्यांतील सर्वांत जुने इंजिन आपल्या छिंदवाडा व नागभीड मार्गांहूनही वयाने मोठे आहे.

नावांमागचा धागाही ठाऊक असावा. पहिली चार नावे सांता फे रेल्वेच्या कर्त्या पुरुषांची आहेत, कारण 1974 पर्यंत त्या कंपनीचे नाव या गाडीला जोडलेले होते. पाचव्या इंजिनाला ज्यांचे नाव दिले आहे, ते वॉर्ड किंबॉल डिस्ने यांच्या स्टुडिओतील चित्रकार होते आणि त्यांनी स्वतःच्या घराच्या आवारात खरी नॅरोगेज गाडी चालवली होती. 1948 साली ते आणि वॉल्ट डिस्ने दोघे मिळून शिकागोची रेल्वे जत्रा पाहायला गेले होते. त्यानंतर डिस्ने यांनीही आपल्या घराभोवती वाफेवर चालणारी लहान गाडी बांधली. ज्या उद्यानाचा आरंभ अशा छंदातून झाला, तेथे गाडीला शोभेची वस्तू समजणे अन्यायाचे आहे.

प्रत्यक्ष दिवस

दार उघडण्यापूर्वी अर्धा तास पोहोचावे. आत शिरताच समोर उंचावर मेन स्ट्रीट स्थानक दिसते. गर्दी त्याच्याखालून पुढे पळते, आपण मात्र जिन्याने वर जावे. एका दिवशी पाचही इंजिने धावत नाहीत. त्या दिवशी कोणती दोन किंवा तीन बाहेर काढली आहेत, हे फलाटावरच्या कर्मचाऱ्याला नम्रपणे विचारावे. आपण इंजिनाचे नाव घेऊन विचारले की त्यांचा चेहरा खुलतो, असा माझा अनुभव आहे.

पहिली फेरी न उतरता पूर्ण करावी आणि ती इंजिनालगतच्या डब्यात बसून करावी. सुमारे दोन किलोमीटरचा हा वळसा वीसेक मिनिटांत पूर्ण होतो. या फेरीत डोळ्यांपेक्षा कानांनी काम करावे. दोन सिलिंडरच्या इंजिनात मोठ्या चाकाच्या एका फेऱ्याला धुराड्यातून चार ठोके पडतात. गाडी सुटताना ते सुटे सुटे ऐकू येतात, चार मोजले की चाक एकदा फिरले. वेग वाढला की ठोके एकमेकांत मिसळतात, आणि ड्रायव्हरने रेग्युलेटर मिटला की एकदम थांबतात व फक्त चाकांचा खडखडाट उरतो. मोतीबागेत पाहिलेला सिलिंडर, दांडा आणि धूम्रकक्ष हे सारे त्या आवाजात जिवंत होऊन समोर येते. मी पहिल्यांदा चार ठोके अचूक मोजले तेव्हा माझे डोळे भरून आले होते, हे येथे लिहून ठेवतो.

शिट्टीकडेही लक्ष द्यावे. अमेरिकी प्रथेप्रमाणे दोन लांब शिट्ट्या म्हणजे गाडी सुटत आहे. सुटताना घंटाही वाजते, जी आपल्याकडच्या इंजिनांवर क्वचितच ऐकायला मिळे.

दुसऱ्या फेरीत न्यू ऑर्लिन्स स्क्वेअर स्थानकावर उतरावे आणि निदान तासभर तेथेच थांबावे. संपूर्ण मार्गावर पाहण्यासारखे सर्वाधिक येथे आहे. गाड्या येथे पाणी घेतात, त्यामुळे इंजिन इतर स्थानकांपेक्षा अधिक वेळ उभे राहते. तीन-चार गाड्या येऊन जाऊ द्याव्यात आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट पाहावी. एका गाडीला चाके व दांडे पाहावेत. दुसऱ्या गाडीला फक्त सिलिंडरच्या तोट्यांवर नजर ठेवावी. गाडी हलताक्षणी दोन्ही बाजूंना पांढरे फवारे सुटतात, चाकाचे एक-दोन फेरे होतात, मग फवारे थांबतात आणि त्याच क्षणी धुराड्याचा ठोका खणखणीत होतो. तिसऱ्या गाडीला इंजिनावरील दोन माणसांचे हात पाहावेत.

येथे मोतीबागेशी एक मोठा फरक लक्षात येतो. आपल्याकडे आगवाला फावड्याने कोळसा घालत असे. येथे कोळसा नाही, तेलाची ज्योत आहे. ते तेल वाफेच्या झोताने बारीक फवारून भट्टीत पेटवतात. 2007 पासून ही इंजिने जैवडिझेलवर चालतात. ड्रायव्हरने रेग्युलेटर उघडला की आगवाल्याने लगेच ज्योत वाढवायची आणि मिटला की कमी करायची, असे दोघांचे हात सतत एकमेकांना सावरत असतात. धुराड्यातून काळा धूर आला तर तेलाच्या मानाने हवा कमी पडली असे समजावे. निष्णात माणसाच्या हाताखाली धुराड्यावर केवळ हवा थरथरताना दिसते. उभ्या इंजिनातून ठक्-ठक् असा संथ आवाज येत असतो, तो ब्रेकसाठी हवा भरणाऱ्या पंपाचा होय. बॉयलरचा दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की माथ्यावरील झडप उघडून कानठळ्या बसवणारी वाफ सुटते. ती धोक्याची खूण नसून धोका टाळण्याची व्यवस्था आहे, हे सोबतच्या मुलांना आधी सांगून ठेवावे, म्हणजे ती घाबरणार नाहीत.

याच स्थानकावर रुळांच्या पलीकडील जुन्या इमारतीतून तारयंत्राची कटकट अखंड ऐकू येते. ती निरर्थक नाही. वॉल्ट डिस्ने यांनी 1955 साली उद्घाटनाच्या वेळी केलेल्या भाषणाच्या आरंभीच्या ओळी अमेरिकी रेल्वेच्या जुन्या तारसंकेतांत तेथे वाजत असतात. ज्यांनी आपल्या छोट्या स्थानकांवर स्टेशन मास्तरांच्या खोलीतले तारयंत्र ऐकले आहे, त्यांनी दोन मिनिटे डोळे मिटून उभे राहावे.

न्यू ऑर्लिन्स स्क्वेअरहून पुढे निघाल्यावर नदीकाठचा जो भाग लागतो, तो 2017 साली नव्याने आखलेला आहे. गाडी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असल्याने तोपर्यंत तिची सगळी वळणे उजवीकडेच होती. येथे तिला पहिल्यांदा डावे वळण मिळाले. पुढच्या डब्यात बसले असता या वळणावर बाहेर न झुकताही इंजिनाची बाजू क्षणभर दिसते. शरीराचा कोणताही भाग डब्याबाहेर काढू नये, हे सांगण्याची गरज नसावी.

टूनटाउन स्थानकावर इंजिनप्रेमीने थांबण्यासारखे विशेष काही नाही. टुमॉरोलँडनंतर गाडी एका लांब बोगद्यात शिरते. तेथे ग्रँड कॅन्यनचे 1958 सालचे भव्य चित्रदृश्य आणि त्यानंतर 1966 साली जोडलेला अतिप्राचीन सरड्यांचा देखावा आहे. देखावे चांगले आहेत, पण बोगद्यात धुराड्याचा ठोका भिंतींवर आपटून दुप्पट मोठा होतो, आणि मला तोच अधिक प्रिय आहे.

दुपारी बारा ते तीन घरच्यांसोबत घालवावेत. ऊन व गर्दी दोन्ही तेव्हा जास्त असतात आणि फलाटावर उभे राहण्यात सुख नसते. या वेळात वही काढून सकाळच्या नोंदी पूर्ण कराव्यात. कोणते इंजिन किती वाजता आले, त्याच्या चाकांची मांडणी काय होती, शिट्टीचा स्वर जाड होता की बारीक, हे ताजे असतानाच लिहिले तर पुढे उपयोगी पडते. प्रत्येक इंजिनाची शिट्टी निराळी असते. दोन-तीन वेळा ऐकल्यावर न पाहता इंजिन ओळखण्याचा प्रयत्न करावा.

लाल रंगाचा, गाद्यागिर्द्यांनी सजवलेला लिली बेल नावाचा एक खास डबा या गाडीला कधीकधी जोडलेला दिसतो. डिस्ने यांच्या पत्नी लिलियन यांच्यावरून त्याला हे नाव मिळाले. तो दिसला तर फलाटावरूनच मन भरून पाहून घ्यावा.

शेवटची फेरी दिवेलागणीला ठेवावी, पण गाडी कधी बंद होणार हे सकाळीच विचारून घ्यावे, कारण ती दर दिवशी सारखी उशिरापर्यंत चालतेच असे नाही. या वेळी मागच्या डब्यात बसायला हरकत नाही. मेन स्ट्रीटला उतरल्यावर मात्र घाई करून पुढे जावे आणि इंजिनाच्या खोलीसमोर फलाटावर उभे राहावे. दिवसा न दिसणारा भट्टीचा तांबूस उजेड आता ड्रायव्हरच्या पायांवर आणि रुळांमधल्या खडीवर पडलेला दिसतो, दोन लांब शिट्ट्या होतात, तोट्यांतून वाफ सुटते आणि तो उजेड वाफेत पसरतो. या क्षणी फोन खिशातच असू द्यावा.